एकाच क्रेटात दोघं

"ऑपरेशन तिचं ना, मग त्याला कशाला घेतेयस?" आईनं विचारलं.

पहाटेचे साडेतीन वाजले होते. पडवीतल्या दिव्याखाली बसून मी आंब्याचे दोन प्लास्टिकचे क्रेट, एकावर दुसरा उपडा घालून, सुंभानं बांधत होते. खालच्या क्रेटात गोधडीचं जुनं पटकूर, त्यावर करडाचा, म्हणजे वाळल्या गवताचा, जाड थर, आणि त्या करडात पिठी आणि बोंडू, आमचे दोन ससे. एक पांढरं, एक तांबूस. कान मागे पाडून एकमेकांना चिकटून बसलेले.

"गेल्या खेपेला काय झालं ते विसरलीस?" मी म्हटलं.

आई काही बोलली नाही. ती आत गेली. मला वाटलं झोपायला गेली असेल. मी क्रेट गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून पट्टा आवळत होते, तेवढ्यात ती साडी बदलून, शाल घेऊन बाहेर आली आणि क्रेटाशेजारी बसली. "चल. कोणीतरी हवं ना त्यांच्याजवळ."

रत्नागिरीजवळच्या आमच्या नेवऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर. सशांना कधी न्यायचं हे ऊन ठरवतं. त्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता टाकायला कानांखेरीज फारसं काही नाही, आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्यांना धाप लागते. कोकणात जानेवारीची दुपारसुद्धा त्यांना सोसत नाही. म्हणून आमची निघायची वेळ नेहमी अशी, कोंबड्याच्या आधीची.

ही दोघं आमच्याकडे आली ती आदल्या वर्षीच्या दिवाळीत. रत्नागिरीच्या बाजारात एका पिंजऱ्यात दहा-बारा पिल्लं कोंबलेली होती. भाच्यानं हट्ट धरला आणि विकणाऱ्यानं "दोन्ही माद्याच आहेत, बिनघोर न्या" म्हणून दोन काढून दिली. सुट्टी संपली, भाचा ठाण्याला गेला, ससे राहिले. तांदळाच्या पिठासारखी पांढरी म्हणून आईनं एकीला पिठी म्हटलं. दुसरं पिकल्या काजूच्या बोंडाच्या रंगाचं, ते बोंडू. इतक्या लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं जाणत्यालाही अवघड जातं, नराचे अंड खाली उतरायलाच दहा-बारा आठवडे लागतात, हे मला त्या दिवशी ठाऊक असायला हवं होतं.

आईला सुरुवातीला या दोघांचं काही वाटलं नाही. "ससे काय, सड्यावर ढिगानं होते," ती म्हणायची. लहानपणी ती सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, गुरं घेऊन जायची तेव्हा करडातून एकदम उसळी मारून पळणारे ससे तिनं पाहिले होते. पण सड्यावरचा तो ससा वेगळा. त्याचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतं, उघड्यावर, गवतातल्या नुसत्या खळग्यात, आणि थोड्याच वेळात आपल्या पायावर उभं राहतं. त्याला पाळायला कायद्यानंही बंदी आहे. आपण घरात पाळतो तो मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडी, आंधळी, बोटाएवढी जन्मतात. मराठीत दोघांनाही ससा हा एकच शब्द आहे, त्यामुळे एकाबद्दलचं ज्ञान आपण दुसऱ्याला लावत राहतो. बिळात राहणारा हा ससा घोळक्यानं जगतो. त्याला सोबत लागते. पिठी आणि बोंडू एका ताटलीत खायचे. एकानं डोकं खाली घातलं की दुसऱ्यानं कपाळ चाटायचं. जागा बदलली तर दोघांनी बदलायची. पडवीच्या ज्या कोपऱ्यात एक दिसे, त्याच्या वीतभर अंतरात दुसरं असेच.

पौषात पिठीला शिंका यायला लागल्या. मी तिला जवळच्या गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. अडलेल्या म्हशीसाठी रात्री दोनला चिखल तुडवत जाणारा. आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी गायी त्यांच्या हातानं मोकळ्या झाल्या आहेत. पण ससा त्यांच्याकडे क्वचितच येत असे. त्यांनी अमॉक्सिसिलीनचं पातळ औषध तोंडातून द्यायला सांगितलं, आणि मीही काही न विचारता दिलं. तिसऱ्या दिवशी पिठीनं खाणं सोडलं, मागून पाण्यासारखं जायला लागलं. सशाचं पोट घोड्यासारखं असतं, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या मोठ्या पिशवीत, उंडुकात, जिवाणू गवत आंबवतात आणि त्यावर हा जीव जगतो. अमॉक्सिसिलीनसारखी पेनिसिलीनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली की ते उपयोगाचे जिवाणू मरतात, त्यांच्या जागी विषारी वाढतात. कुत्र्याला, वासराला, माणसाला चालणारं औषध सशाचा जीव घेऊ शकतं. कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात ते फिप्रोनिलही तसंच. ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी ही दोन नावं भिंतीवर लिहून ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं.

मराठीत ससेहोलपट असा शब्द आहे. शिकारी मागे लागले की सशाची जी दाही दिशांना धावाधाव होते, ती. त्या आठवड्यात मला तो शब्द पहिल्यांदा अंगाशी जाणवला. एका दवाखान्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. कोणी म्हणे ताक पाजा, कोणी म्हणे एवढ्याशा जिवाला काय करता, दुसरा आणा. शेवटी त्याच गुरांच्या डॉक्टरांनी स्वतःहून फोन केला. "माझं चुकलं. माझी एक वर्गमैत्रीण कोल्हापुरात आहे, ती पक्षी-ससे बघते, तिच्याशी बोला." वयानं आणि अनुभवानं एवढा मोठा माणूस चुकलं म्हणतो, याचं मला तेव्हाही मोल वाटलं. कोल्हापूरच्या डॉक्टर मॅडमनी फोनवरूनच सांगितलं, ते औषध आधी बंद करा, शिंकांसाठी दुसरं लिहून पाठवते, पाणी सुईविना सिरिंजनं तोंडाच्या बाजूनं द्या, वाळलेलं गवत समोरून हलवू नका. पिठी वाचली.

तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं की बोंडू नर आहे. ते लक्षात आलं शिमग्यात. पालखी घरी यायच्या दिवशी. अंगणात ढोल वाजत होते, आई ओटी भरत होती, आणि पिठी पडवीच्या टोकाला स्वतःच्या छातीचे केस उपटून तोंडात करड धरून कोपऱ्यात नेत होती. मला वाटलं ढोलांना घाबरून वेडी झाली. रात्री बघते तर केसांच्या उबेत पाच गुलाबी जीव. दोन सकाळपर्यंत गेले.

मॅडमना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "नर कुठे आहे?" तिच्याजवळच, मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता वेगळा करा." सशीला गायीसारखा माज ठरावीक दिवशी येत नाही. संग झाला की त्यानंतर अंडं सुटतं. व्यायल्या दिवशीही ती पुन्हा गाभण राहू शकते. गाभ सरासरी ३१ दिवसांचा. म्हणजे एकीकडे तीन पिल्लांना पाजायचं आणि पोटात दुसरी वाढवायची, महिन्याच्या महिन्याला. आम्ही पडवीत मधोमध जाळी मारली. जाळीच्या अल्याड ती, पल्याड तो. दुपारी दोघंही जाळीला पाठ टेकून झोपायचे.

एप्रिलमध्ये बोंडूला कोल्हापूरला नेलं. एकट्यालाच. पिठीला पिल्लं होती आणि ऊन वाढत होतं, त्यामुळे तिला न्यायचं मनातही आलं नाही. पिल्लांसाठी ते बरोबरच होतं. पण तो दोन दिवसांनी परत आला तो स्पिरिटचा, औषधांचा, अनोळखी कुत्र्यांचा वास घेऊन. मी त्याला जाळीच्या पल्याड ठेवला. पिठी धावत आली, नाक लावलं, आणि मागचा पाय जमिनीवर आपटला. ससा धोक्याची खूण अशी देतो. मग जाळीतून त्याच्या नाकाला चावली. रक्त आलं. तो मागे सरून जाळीकडे पाहत बसला.

सशाची दुनिया वासाची आहे. तिच्या लेखी तिचा बोंडू गेला होता आणि त्याच्या कातडीत दुसराच कोणी आला होता.

नराचं ऑपरेशन झाल्यावरही त्याच्यात बीज काही आठवडे शिल्लक राहतं, म्हणून सहा आठवडे त्यांना तसंही वेगळंच ठेवायचं होतं. त्या सहा आठवड्यांत मी रोज त्याच्या अंगाखालचं फडकं तिच्याकडे आणि तिचं त्याच्याकडे टाकत होते. खाण्याच्या ताटल्या जाळीपासून आधी दोन हातांवर, मग हातभर, मग वीतभर. पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी पिठीनं जाळीला कपाळ टेकलं आणि डोकं खाली घातलं. बोंडूनं जाळीच्या भोकातून जीभ घालून तेवढंच चाटलं जेवढं चाटता येत होतं. तोवर तिन्ही पिल्लं ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरी गेली होती.

मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. नर निकामी झाला, पिल्लं व्हायची नाहीत, पिठीला कशाला सुरी लावायची?

मग आषाढात तिनं पुन्हा केस उपटले.

त्या दिवसांत गवताचा मोठा प्रश्न असतो. कोकणातल्या पावसात करडाला बुरा धरतो आणि बुरा धरलेलं गवत सशाला घालायचं नाही. आईनं चुलीच्या वरच्या माळ्यावर, धुराच्या उबेत दोन भारे ठेवले होते. तेच रोज थोडं थोडं काढून द्यायचो. पिठी ते कोरडं करड खायची सोडून तोंडात धरून कोपऱ्यात नेऊ लागली. छाती उघडी पडेपर्यंत केस ओढले. बोंडू जवळ गेला की गुरगुरायची. सोळा-सतरा दिवस त्या रिकाम्या घरट्यावर बसून राहिली. मग एका सकाळी सगळं पायानं विस्कटून टाकलं. खोटा गाभ म्हणतात याला. नर वर चढला, बीज नसलं तरी शरीराला तेवढा इशारा पुरतो आणि ते तयारीला लागतं. श्रावणात परत तेच झालं.

आई त्या घरट्याकडे बघत उभी राहायची. "पोरं हवीत तिला," म्हणायची. "एकदा होऊ द्यायला हवी होती नीट." ऑपरेशनाचं नाव काढलं की तिचा चेहरा बंद व्हायचा. "पिशवी काढायची? धडधाकट जनावराची? कोणी विचारलं तिला?"

मॅडमनी मला सविस्तर सांगितलं होतं. मादी सशांत सगळ्यात जास्त आढळणारी गाठ गर्भाशयाच्या कर्करोगाची. वय तीन-चारच्या पुढे गेलं की धोका वाढत जातो, आणि ससा दुखणं दाखवत नाही. जंगलात ज्यानं दुखणं दाखवलं त्याला आधी खाल्लं जातं. म्हणून तो शेवटपर्यंत तोंड हलवत बसतो. आपल्याला कळतं तेव्हा गाठ फुप्फुसात गेलेली असते. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. पिठी चार वर्षांनी जाणार असेल तर उरलेली वर्षं बोंडूनं कोणाला पाठ टेकून झोपायचं? मी हे सगळं आईला पटवायचा प्रयत्न केला. ती ऐकून घ्यायची आणि उठून जायची. तिला अडाणीपणानं कळत नाहीये असं मी मनात धरलं होतं. ते फार चुकीचं होतं.

आंबा घाट लागला तेव्हा झुंजुरकं होत होतं. साखरप्याला मी गाडी थांबवून दोघांना पाहिलं होतं. दोघांनीही करडाला तोंड लावलं नव्हतं, पण श्वास शांत होता. घाटातल्या वळणांवर क्रेट हलू नये म्हणून आईनं त्यावर हात ठेवला होता. आरशात मला तिचा तो हातच दिसत होता.

"माझ्या वेळी एसटीनं गेले होते," ती म्हणाली.

मी गप्प राहिले. कशाबद्दल बोलतेय ते माझ्या लगेच लक्षात आलं नाही.

"चौऱ्याण्णवचा मे. वर्षभर अंगावर जात होतं. डॉक्टर म्हणाला, दोन पोरं झालीयत, पिशवीचं काम संपलं, काढून टाका, उद्या कॅन्सर झाला तर? तुझे बाबा लालबागच्या खोलीवर. तार केली, पण त्यांना रजा कुठली. शेजारची काकी आली पोचवायला आणि दुपारच्या गाडीनं गेली, तिची गुरं होती. आदल्या रात्रीपासून पाणी नाही. मे महिना. खाटेवर पडून मी पंख्याच्या पात्या मोजत होते."

१९९४ साली मी नऊ वर्षांची होते. मला सांगितलं होतं, आई माहेरी गेलीय. आठ दिवसांनी ती आली तेव्हा रस्त्यावरून घरापर्यंत पोटाशी उशी धरून चालत आली होती. मला वाटलं होतं, मामानं उशी दिली. तीच उशी नंतर मी कितीतरी वर्षं डोक्याखाली घेतली.

"घरी आले आणि चुलीपुढं बसून पेज लावली," आई म्हणाली. "तू भुकेली होतीस."

घाटमाथ्यावर गारठा होता. मी गाडी बाजूला घेतली. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून क्रेटावरची चादर सारखी केली. तिनं शाल काढून क्रेटावर टाकली. त्यांना थंडीच आवडते, मी म्हणाले, तू घे अंगावर. तिनं शाल परत घेतली.

दवाखान्यात पोचल्यावर मॅडमनी सगळ्यात आधी विचारलं, "खाल्लंय का?" उपाशी आणलं नाही ना, याची त्यांना खात्री हवी होती. माणसाला, कुत्र्याला भुलीआधी उपाशी ठेवतात ते उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. सशाला उलटी करताच येत नाही. त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात, वायू धरतो, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही ससा जातो. "भूल देईपर्यंत समोर गवत राहू दे," मॅडम म्हणाल्या. आईनं पदरात बांधून आणलेल्या दूर्वा सोडल्या. घरच्या, तुळशीच्या कट्ट्याजवळच्या. पिठीनं दोन काड्या खाल्ल्या.

वजन १ किलो ८५० ग्रॅम. ठोके मोजले, मिनिटाला दोनशेच्या वर, ते सशाला नेहमीचे. मॅडमनी भुलीचं सगळं समजावलं, आईकडे बघून, कारण आईच प्रश्न विचारत होती. ससा नाकानंच श्वास घेतो. त्याचं तोंड फार उघडत नाही, जीभ लांब, घसा अरुंद, त्यामुळे नळी घालणं कुत्र्या-मांजरापेक्षा कठीण. छातीचा पिंजरा लहान. कुत्र्यांना भुलीत ठोके मंदावू नयेत म्हणून सर्रास देतात ते ॲट्रोपिन बऱ्याच सशांच्या रक्तात टिकतच नाही, ते मोडून टाकणारं द्रव्य त्यांच्या अंगातच असतं. म्हणून कुत्र्यापेक्षा सशाला भुलीचा धोका जास्त. "मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही," त्या म्हणाल्या, "सही करण्याआधी ठाऊक असावं म्हणून सांगते."

आईनं विचारलं, "दुखेल?"

"दुखेल. पण दुखू नये म्हणून आधीच औषध देणार, आणि नंतर चार-पाच दिवस."

"ह्याचं काय?" तिनं बोंडूकडे बोट दाखवलं.

"तो इथेच थांबेल. शुद्धीवर येताना तिला त्याचा वास यायला हवा."

कागदावर सही मी केली. पेन ठेवताना आई माझ्या हाताकडे बघत होती. मला नंतर कितीदा तरी ती नजर आठवली. माझी सही, पिठीचं पोट.

दीड तास आम्ही बाकावर बसलो. बोंडू क्रेटात एकटा, शेजारी पिठीच्या अंगाचं फडकं. तो त्या फडक्यावर हनुवटी घासत होता, पुन्हा पुन्हा. हनुवटीखालच्या ग्रंथीचा वास लावून ससा आपल्या गोष्टींवर खूण करतो. एक कुत्रा आत आला तेव्हा तो दगडासारखा थिजला, आणि आईनं उठून क्रेट आपल्या पायांमागे सरकवला, पदर वरून सोडला.

मॅडम बाहेर आल्या त्या एका वाटीसारख्या ट्रेमध्ये काहीतरी घेऊन. पिठी ठीक आहे, श्वास चांगला आहे. आणि तुम्हाला बघायचं असेल तर. मी नको म्हणणार होते. आई उठली.

सशीचं गर्भाशय आपल्यासारखं एका पिशवीचं नसतं. दोन वेगळ्या शिंगांसारख्या नळ्या, दोघींना आपापलं तोंड. गुलाबी, ओलं, हाताच्या बोटाएवढं काहीतरी. मॅडमनी उलटसुलट करून दाखवलं. गाठ नाही, सूज नाही, पाणी नाही.

"म्हणजे निरोगी होतं," आई म्हणाली.

"हो. याच वयात काढायचं असतं. बिघडेपर्यंत थांबलं की उशीर होतो."

आईनं मान हलवली. बाकावर येऊन बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझीही निरोगीच होती. दहा वर्षांनी गुडघ्याच्या दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले तेव्हा त्यानं जुने कागद बघून सांगितलं. म्हणाला, काढायची गरज नव्हती, गोळ्यांनी भागलं असतं."

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या पिशव्यांच्या बातम्या पेपरात येत होत्या, तेव्हा आईनं तो पेपर घडी घालून कपाटात ठेवला होता. रद्दीत जाऊ दिला नव्हता. मी विचारलं नव्हतं का ते. त्या बाकावर मला तो पेपर दिसला, कपाटातल्या साड्यांखालचा.

मी पिठीसाठी घेतलेला निर्णय आजही मला योग्यच वाटतो. कारणं मी वर सांगितली, ती माझ्या सोयीची नाहीत, तिच्या शरीराची आहेत. तरीही आईला त्या ट्रेमध्ये काय दिसलं असेल ते मी माझ्या कारणांनी पुसू शकत नाही. तिला कुणी एवढं बसून समजावलं नव्हतं. तिचं काय काढलं ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. आणि सोबत कुणी नव्हतं.

त्या रात्री मावसबहिणीकडे राहिलो. तिनं देवघराच्या खोलीत जमिनीवर जागा करून दिली. पिठी कुबड काढून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते. ससा सुखात असला की दात हलके घासतो, मांजर घुरघुरल्यासारखा. दुखत असलं की तेच दात मोठ्यानं वाजतात. दुखणं कमी करणाऱ्या मेलॉक्सिकॅमची वेळ झाल्यावर ते दिलं. मॅडमनी दिलेली चाऱ्याची पूड कोमट पाण्यात कालवून सिरिंजनं थोडी थोडी चारली, अर्धी बाहेर आली. बोंडू तिच्या अंगाला लागून पसरला होता. त्यानं तिच्या पोटाकडे तोंड नेलं नाही. डोळे आणि कपाळ चाटत राहिला. या वेळी दोघांच्याही अंगाला एकच वास होता, दवाखान्याचा.

मी किती वाजता लवंडले कळलं नाही. जाग आली तेव्हा दिवा लागलेला होता. आई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. समोर जुन्या कॅलेंडराचं एक पान पसरलेलं.

"तीनला खाल्लं," ती हळूच म्हणाली. "आधी त्यानं दूर्वेची काडी उचलली. त्याच्या तोंडातली तिनं ओढली. मग स्वतःहून दुसरी घेतली." आणि कॅलेंडराकडे बोट केलं. "बघ. सात."

कागदावर सात लेंड्या. लहान, कोरड्या, नेहमीपेक्षा अर्ध्या. आतडी चालू झाली होती.

बाबांचा फोन सहाला आला. आईनं घेतला. "हो, खाल्लं," ती म्हणाली. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती थोडी थांबली. "मी? नाही अजून. चहा घेईन आता." फोन ठेवल्यावर तिनं पदरानं डोळे टिपले आणि उठून चहा टाकायला गेली.

टाके विरघळणारे होते. दहा दिवस पडवीत खाली काही उडी मारण्यासारखं ठेवलं नाही. जाळी काढून मांगरात टाकली. कातरलेल्या पोटावर केस यायला महिना-दीड महिना लागला. शिमग्याची पालखी आली त्या वर्षी पिठी आणि बोंडू माजघरात होते, दार बंद करून, ढोलांपासून लांब.

पालखी गेल्यावर आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. पिठी आडवी पसरलेली. आईनं तिच्या पोटावर हळूच बोट टेकवलं, केस किती आलेत ते पाहायला. सशांना पोटाला हात लावलेला आवडत नाही. पिठी काही करायच्या आत बोंडू उठला, आणि आपल्या नाकानं आईचा हात बाजूला ढकलला.

"बरं बाबा," आई म्हणाली. "नाही लावत." पण ती तिथून उठली नाही.